चौदातली दहा ठिकाणं खोडली, आता दोन दिवसांची मुंबई बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळी लातूरहून रेल्वेने मुंबईत उतरायचं आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जायचं. तुम्ही दोघं, ६८ वर्षांच्या आई आणि ११ व ७ वर्षांची दोन मुलं. आईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, उपासतापास पाळतात. तुम्हा दोघांना मात्र समुद्राचे मासे खायचेत. शेवटी १४ ठिकाणांची यादी आणि खाली प्रश्न, ‘हे सगळं दोन दिवसांत बसेल ना?’

नाही बसणार. मी गिरगावात वाढले आणि गेली २२ वर्षं बाहेरगावच्या लोकांना ही मुंबई पायी फिरवते आहे. सुरुवातीच्या काळात माझ्या सोलापूरच्या काकूला मी एका दिवसात नऊ ठिकाणं दाखवली होती. रात्री जेवताना मोठ्या अभिमानाने विचारलं, ‘काकू, काय काय पाहिलं सांग.’ ती म्हणाली, ‘टॅक्सीवाल्याचं डोकं.’ त्या दिवसापासून मी यादी बघितली की आधी पेन काढते.

मुंबई उभी आहे, दक्षिणोत्तर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि बंदर. चर्चगेट ते विरार हे अंतर साठेक किलोमीटर, पण दक्षिण टोकाला सीएसएमटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंत तुम्ही रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात चालत जाल. सगळी कोंडी होते ती लांबीत. रस्ते लांबीचे, रेल्वे लांबीची, सकाळी माणसं दक्षिणेकडे धावतात आणि संध्याकाळी उत्तरेकडे. म्हणून माझा एकच हिशेब असतो: पाहुण्यांनी मुंबई आडवी फिरावी, आणि लांबी कापायचीच तर एकदाच कापावी.

या हिशेबाने तुमच्या यादीतून जुहू चौपाटी, फिल्म सिटी आणि ‘मन्नत’ बंगला आधी गेले. जुहूला जाऊन-येऊन तुमचे अडीच-तीन तास सहज खर्च होतील, आणि समुद्र तोच आहे. मन्नत म्हणजे एक फाटक आणि त्यासमोर फाटकाकडे बघणारी माणसं. एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे. तारापोरवाला मत्स्यालयही कित्येक वर्षं बंद आहे, पण लोकांच्या जुन्या याद्यांतून ते काही जात नाही. हाजीअलीची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, वेळ जुळवावी लागते, सोडा. महालक्ष्मी आणि सिद्धिविनायक यांतलं एक ठेवू, आईंना विचारून सिद्धिविनायक. सी लिंकवर पायी जाताच येत नाही, टॅक्सीतून काही मिनिटांत संपतो. तो लांबून कुठून छान दिसतो ते पुढे सांगते. राणीची बाग मुलांना नक्की आवडेल, पेंग्विन आहेत, पण रविवारी तिथे जत्रा असते. आणि शनिवारी जायचं तर तुमचा आडवा हिशेब मोडतो. पुढच्या खेपेला मधल्या वारी या. फक्त बुधवारी नको, बुधवारी बाग बंद असते.

झाली नऊ. उरलं गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, सिद्धिविनायक आणि घारापुरी.

घारापुरीबद्दल जरा थांबून सांगते, कारण ते खोडताना माझा हात अडखळतो. सहाव्या शतकातली लेणी, जवळजवळ २० फुटी त्रिमूर्ती, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. पण गेटवेहून लाँचने जायला तास, यायला तास, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत चालत किंवा छोट्या गाडीने, आणि मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्यांसाठी डोली मिळते, पण आईंना डोलीत बसवायला तुम्हाला आधी तासभर त्यांची समजूत घालावी लागेल. अर्धा दिवस जातोच. मी मराठवाड्यातल्या लोकांना नेहमी विचारते, वेरूळला २९ क्रमांकाचं लेणं, धुमार लेणं, नीट पाहिलंय का? बहुतेक लोक कैलास बघून दमतात आणि तिथवर जात नाहीत. त्याची आखणी घारापुरीच्या मुख्य लेण्याशी इतकी जुळते की दोन्ही पाहिलेला माणूस चकित होतो. तुम्हाला वेरूळ जवळ, औशाजवळची खरोसा लेणी तर घरचीच. तेव्हा या दोन दिवसांत घारापुरी नको. घारापुरीहून आणलेल्या काही मूर्ती वस्तुसंग्रहालयात आहेत, त्या आपण बघणारच आहोत. शिवाय ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं, तो हत्ती बेटावर नाहीच. भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. पुढच्या खेपेला त्यालाही भेटा. (सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. दर सोमवारी गेटवेवर कोणीतरी हे कळून हिरमुसलेलं असतं.)

राहायचं कुठे, यावर ट्रिपचं निम्मं यश अवलंबून आहे. अंधेरीला, वाशीला खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. वाचलेले पैसे प्रवासात जातील आणि आईंची झोप वर जाईल. सीएसएमटी, फोर्ट, गिरगाव किंवा कुलाबा यांपैकी कुठेही घ्या, खोली लहान मिळाली तरी चालेल. लिफ्ट आहे का, ती चालू आहे का, हे फोनवर वेगवेगळे दोन प्रश्न म्हणून विचारा. जुन्या इमारतींत दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. बरीच हॉटेलं दुपारी खोली देतात, तेव्हा सकाळी आंघोळीची सोय होईल का हेही आधीच ठरवा.

आता शनिवार.

गाडीतून उतरल्यावर स्टेशनातून लगेच पळू नका. सामान हॉटेलात टाकून, आंघोळी करून पुन्हा सीएसएमटीसमोर या आणि रस्त्याच्या पलीकडून, महापालिकेच्या बाजूने, इमारत बघा. १८७८ ला काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच, १८९३ मधली. मुलांना काम द्या: फाटकाच्या खांबांवर दोन जनावरं बसली आहेत, कोणती ते ओळखा. एक सिंह, एक वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. मग भिंतीवरची माकडं, मोर, पानं-फुलं मोजायला लावा. ते कोरीवकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलंय. आणि धाकट्याला सांगा, १६ एप्रिल १८५३ ला आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरहून, ठाण्याला गेली; ३४ किलोमीटर.

नाश्ता इराण्याकडे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ पासूनचं. आईंना चालत नेऊ नका, टॅक्सी करा. टेबलं, खुर्च्या, आरसे, बरण्या हे सगळं बघण्यासारखं आहे, पण मुख्य गोष्ट ब्रून मस्का. ब्रून म्हणजे कडक सालीचा पाव. तो चहात बुडवून खायचा, नाहीतर टाळू सोलवटते. आईंसाठी बन मस्का मागवा, तो मऊ असतो. मुलांना मावा केक. आई कडक शाकाहारी असल्या तर आधी सांगते, इराण्याकडे अंडी आणि खिमा त्याच स्वयंपाकघरात होतो, आणि केकमध्ये अंडं असतंच. त्यांना ते चालणार नसेल तर कयानी सोडा आणि नाश्ता गिरगावात करा. पाहुणचार करताना एखाद्याचा नेम मोडायला लावू नये, असं माझं मत.

तिथून टॅक्सीने गेटवे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. बसण्याआधी कुठे जायचं ते सांगा, आणि मीटर टाकणार नसेल तर दुसरी बघा. भांडत बसू नका. तुम्ही पाच जण आहात, पण धाकटा मांडीवर बसला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. रिक्षा शोधू नका. दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत, त्या पश्चिमेला वांद्र्यापासून आणि इकडे शीवच्या पुढे सुरू होतात.

गेटवेला अर्धा तास पुरतो. राजा पाचवा जॉर्ज १९११ मध्ये आला त्याची आठवण म्हणून ही कमान ठरली, पण बांधून उद्घाटन व्हायला १९२४ उजाडलं. म्हणजे राजाने ती आल्या वेळी पाहिलीच नाही. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. मोठ्याला हे सांगा, त्या वयाच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. फोटोवाले मागे लागतील; काढायचा असेल तर भाव आधी, प्रती किती ते आधी. जवळच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. सगळे गेटवेकडे तोंड करून फोटो काढतात आणि महाराजांकडे पाठ राहते.

उन्हं तापायच्या आत वस्तुसंग्रहालय गाठा, गेटवेपासून जवळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. गेटवेचे वास्तुकार जॉर्ज विटेट, तेच याचेही. सगळं बघायला जाऊ नका. खालच्या मजल्यावरची शिल्पं आणि मुलांसाठी प्राणी-पक्ष्यांचं दालन, एवढं दोन तासांत नीट होतं. आई दमल्या की घुमटाखाली बसू द्या. मान वर करून बघण्यातही मजा आहे. बाहेर पडलात की जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिकीट नाही, दहा मिनिटं डोकावून या.

दुपारचं जेवण तिथेच, काळा घोडा म्हणतात त्या भागात, ‘चेतना’मध्ये थाळी. बरेच जण काळबादेवीच्या ठाकर भोजनालयाचं नाव सुचवतील. १९४५ पासूनची जागा, जेवण उत्तम, वाढतात तर इतकं की नको म्हणून हात आडवा धरावा लागतो. पण वर जायला जिना आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना चढवून, पोटभर जेवू घालून मग उतरवायचं म्हणजे छळ.

जेवल्यावर हॉटेलात दोन तास पडा. ही गोष्ट कोणीच यादीत लिहीत नाही, आणि ती न केल्याने संध्याकाळी घरोघरी भांडणं होतात.

साडेचारला बाहेर. दिवाळीनंतर सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, तेव्हा उशीर नको. आधी हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, ते त्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक. शेजारचं दगडी कारंजं, फ्लोरा फाउंटन, १८६४ चं आहे. या भागाला फोर्ट का म्हणतात, किल्ला कुठाय, असं मुलं विचारतीलच. किल्ला होता, १८६० च्या दशकात तट पाडले. त्याला तीन दरवाजे होते, त्यांतला चर्चकडे उघडणारा तो चर्चगेट. चर्चही आहे, सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं. दरवाजा गेला आणि नाव स्टेशनाला चिकटलं.

इथून ओव्हल मैदानावर चला. मुंबईत मला एकच जागा दाखवायची परवानगी मिळाली तर मी ही दाखवीन. मैदानाच्या मध्ये उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि २८० फुटी राजाबाई टॉवर. टोकदार कमानी, काळसर दगड, १८७० च्या दशकातलं बांधकाम. ते उभं राहिलं तेव्हा त्यांच्यासमोर मैदान आणि मैदानापलीकडे समुद्रच होता. आता वळून पश्चिमेला बघा. गोलसर कोपऱ्यांच्या, रंगीत, चार-पाच मजली इमारतींची ओळ, १९३० च्या दशकातली. ती जमीन समुद्रात भराव टाकून काढली आणि पुढची पिढी वेगळ्याच तऱ्हेने बांधू लागली. म्हणजे एका वळणात साठ वर्षं बदलतात. २०१८ मध्ये या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या. मध्ये मात्र पोरं क्रिकेट खेळत असतात, एकाच मैदानात वीस सामने, कोणाचा चेंडू कोणाला हे त्यांनाच कळतं. तुमच्या मुलांना इथे अर्धा तास सोडा.

मैदान ओलांडून चर्चगेटच्या रस्त्याने मरीन ड्राइव्हकडे जाताना ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम आहे. दोन पातळ बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी. समुद्रापर्यंत नेऊन खाऊ म्हणाल तर मनगटावरून ओघळेल. तिथेच उभ्या उभ्या खा.

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सूर्य बुडेपर्यंत बसा. दिवे लागले की टॅक्सीने गिरगाव चौपाटी. तिथे लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेले आणि अंत्यसंस्कार या वाळूत झाले. मी लातूरच्या पाहुण्यांना इथे मुद्दाम थांबवते, कारण टिळकांनी भागीदारीत कापसाचा जिनिंगचा कारखाना काढला होता तो तुमच्या लातुरात. मुंबईत अंत्यसंस्कार आणि लातुरात जिनिंग, दोन्ही एकाच माणसाचं. आईंना हे माहीत असण्याची शक्यता तुमच्यापेक्षा जास्त.

चौपाटीवर भेळ, शेवपुरी, पावभाजी. माझा नियम: जिथे तवा रिकामा राहत नाही तिथे खा. भेळ समोर कालवून देतात ना बघा, आंबट-गोड चटणीचं प्रमाण आपण सांगायचं. पाणीपुरी मुलांना या वेळी नको, आणि बर्फाचा गोळा तर कोणालाच नको. पाणी बाटलीचं. बाहेरगावच्या पोटाला मुंबईचं अन्न सहसा बाधत नाही, बाधतं ते पाणी आणि बर्फ.

आता तुमच्या माशांचं. आईंना वासाचा त्रास नको आणि मुलांना काट्यांचा, म्हणून सोपी युक्ती: आजी आणि नातवंडं पावभाजी खाऊन साडेआठला खोलीत टीव्हीसमोर, आणि तुम्ही दोघं फोर्टात. मंगळुरी पद्धतीचं हवं तर महेश लंच होम, आपल्या गोव्या-मालवणकडचं हवं तर प्रदीप गोमंतक. पहिलं खेकड्यांसाठी प्रसिद्ध आणि खिशाला जड, दुसरं साधं आणि घरगुती. काय मागवायचं? तळलेला ताजा बोंबील. तुम्ही लातूरच्या आठवडी बाजारातला सुका बोंबील ओळखता, त्याच्या वासाने घरात कोण नाक मुरडतं हेही ठाऊक असेल. ताजा बोंबील म्हणजे निराळाच जीव. अंगात इतकं पाणी की वजनाखाली दाबून ते काढावं लागतं, मग मसाला, रवा आणि तवा. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. काटा मऊ, नवख्याला भीती नाही. त्यानंतर सुरमईचा तुकडा किंवा कोलंबीचं कालवण, भात आणि सोलकढी. भाकरी मागवलीत तर तांदळाची येईल, ज्वारीची नाही. पापलेटचा भाव आधी विचारा, तो आकारावर असतो.

रविवारी लवकर उठा. मुंबई रविवारी सकाळी नऊपर्यंत वेगळंच शहर असतं. खोली सोडून सामान हॉटेलातच ठेवायची परवानगी घ्या. नाही दिली तर सीएसएमटीला क्लोकरूम आहे, पण बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. कुलपं घरूनच आणा.

मुलांना लोकलमध्ये बसवायचं ते आत्ता. चर्चगेटहून ग्रँट रोड, धीम्या गाडीने चर्चगेट धरून चौथं स्टेशन, दहा मिनिटं. चर्चगेटला गाडी रिकामी येऊन उभी राहते, डाव्या बाजूच्या खिडक्या धरा. मरीन लाइन्सच्या पुढे जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्र दिसतो. चढण्याआधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, फर्स्ट क्लासमध्ये चुकून शिरलात तर दंड ठरलेला. आणि घरात एक नियम करा: चुकामूक झाली, गाडीत राहिलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून जागेवर उभं राहायचं, उलट यायचं नाही. दिवसा उशिरा लोकलच्या भानगडीत पडू नका, रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर ते शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं.

ग्रँट रोडहून टॅक्सी, वाळकेश्वरचं बाणगंगा. शिलाहारांच्या काळातलं तळं, शेजारचं मंदिर १७१५ मध्ये रामा कामत यांनी नव्याने बांधलं. रामाने बाण मारून पाणी काढलं अशी कथा, आणि समुद्र दोन पावलांवर असूनही पाणी गोड. चहूबाजूंनी पायऱ्या, दीपमाळा, बदकं, वर उंच इमारती. आईंनी खाली उतरायची गरज नाही, वरच्या कठड्यावरून सगळं दिसतं. मग तिथून वर म्हातारीचा बूट आणि त्यासमोर हँगिंग गार्डन. बूट मोठ्यांना फार छोटा वाटतो. सात वर्षांच्या माणसाला बरोबर मापाचा आहे. बूट ज्या कमला नेहरू पार्कात आहे त्यामागे सिरी रोडवर मार्च २०२५ मध्ये झाडांमधून जाणारी उंच लाकडी वाट सुरू झाली आहे. तिकीट २५ रुपये, पण वेळ ऑनलाइन राखून ठेवावी लागते. लातूरहूनच करून या.

साडेनऊ-दहाला गिरगाव. ठाकुरद्वारजवळ विनय हेल्थ होममध्ये मिसळ. तुमच्या तिखटाला ती जरा सौम्य लागेल, तर्री जास्त मागा. आईंचा उपास असेल तर पणशीकरांकडे फराळी पदार्थ आणि पीयूष, म्हणजे श्रीखंडासारखं गोड पेय. दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी येते, ती तुमच्या तारखेला पडते का तेवढं कालनिर्णयात बघून ठेवा. खाऊन झाल्यावर पायी खोताच्या वाडीत. लाकडी जिने, कौलं, व्हरांडे, अरुंद गल्ल्या. ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती लोकांची, आणि मराठी घरं शेजारी शेजारी. तिथे लोक राहतात हो. कोणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका, आवाज बेताचा ठेवा. मी वीसेक लोकांचा घोळका घेऊन गेले होते तेव्हा एका आजींनी दारातून विचारलं होतं, ‘आमचं काय प्राणिसंग्रहालय आहे का?’ तेव्हापासून मी सहाच्या वर माणसं नेत नाही. जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे, मुंबईतला १८९३ चा पहिला सार्वजनिक गणपती तिथला. चालून गुडघे कुरकुरले तर चाळ सोडा.

आता लांबी कापायची, तीही जमिनीखालून. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पुरी सुरू झाली आणि माझ्यासारखीचं काम निम्मं सोपं झालं. गिरगाव स्टेशनातून बसा, सिद्धिविनायकला उतरा. गार डबा, सरकते जिने, लिफ्ट. तिकीट अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. देवळात रविवारी गर्दी असते, पण ज्येष्ठ नागरिकांची वेगळी रांग असते, तिची चौकशी करा. मुलांना तोकडे कपडे घालून नेऊ नका. मंगळवार पडत नाही हे तुमचं भाग्य.

पुढचंच स्टेशन दादर. जेवायला रविवारी दीडच्या ठोक्याला कुठल्याही नावाजलेल्या मराठी खानावळीसमोर उभं राहू नका. मी एकदा आठ जणांना घेऊन असाच एका ठिकाणी सव्वा तास फुटपाथवर उभी होते. आत गेलो तेव्हा थालीपीठ संपलेलं आणि एक मूल झोपलेलं. सकाळी दहाला पोटभर खाल्लेलं आहे, तेव्हा अडीच-तीनला जा. प्रकाश आणि आस्वाद, दोन्ही स्टेशनापासून जवळ. प्रकाशला साबुदाणा वडा आणि पीयूष. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका खाद्यपुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं होतं. मिसळ सकाळी झालीय, म्हणून इथे थालीपीठ आणि कोथिंबीर वडी घ्या. वडापाव राहिला असं मुलं म्हणतील. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव आज प्रसिद्ध आहे, सोबत तळलेल्या पिठाचा चुरा देतात. एकात दोघांनी खा.

मग शिवाजी पार्क. आईंना कट्ट्यावर बसवा, मुलं मैदानात. पाचच्या सुमाराला चैत्यभूमी, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. शेजारी समुद्रात पुढे आलेला सज्जा बांधलाय, तिथून तुमच्या यादीतला सी लिंक अख्खा दिसतो, आणि त्याच्या बाजूलाच सूर्य बुडतो. तुमची तारीख ६ डिसेंबरच्या आगेमागे येत असेल तर मला आधी कळवा. महापरिनिर्वाण दिनाला इथे लाखो लोक येतात. अभिवादनाला यायचं तर जरूर या, पण मग ही बाकीची आखणी बाजूला ठेवावी लागेल.

सातपर्यंत दादरहून परत मेट्रो, थेट सीएसएमटी. गाडी दादरला थांबत असली तरी तिथे चढू नका. पाच माणसं, सामान आणि दुखरे गुडघे घेऊन दोन-तीन मिनिटांत चढणं जमत नाही. सीएसएमटीला गाडी सुटण्याआधी फलाटाला लागते, निवांत बसा. रात्रीसाठी समोरच्या ‘आराम’मधून बटाटेवडे बांधून घ्या, पाव वेगळे आणि सुकी लसणाची चटणी वेगळ्या पुडीत. एकत्र बांधलंत तर पाव ओला होतो आणि कल्याण यायच्या आत डबाभर वास सुटून शेजारचे बघायला लागतात.